गाडी ‘टिक्’ म्हणते तेव्हा

जानेवारीतील एखादी सकाळ. लखनौमध्ये गोमतीच्या पलीकडे पसरलेल्या इंदिरा नगरावर धुके असे उतरलेले असते की समोरच्या घराचे फाटकही दिसू नये. मुंबईहून रात्रभर धावत आलेली पुष्पक एक्सप्रेस लखनौ जंक्शनात शिरावयाच्या बेतात असते. तिच्यातून उतरणाऱ्या वृद्ध आईवडिलांना आणावयास निघालेला मुलगा मोटारीत बसतो, किल्ली फिरवतो, आणि बोनेटखालून एवढाच आवाज येतो : टिक्. पुन्हा किल्ली, पुन्हा टिक्. दिवे लागतात, भोंगा वाजतो, समोरच्या फलकावरील तांबडे-पिवळे ठिपके नेहमीसारखे उजळतात. इंजिन मात्र जागचे हलत नाही. शाली गुंडाळून दोघेतिघे शेजारी बाहेर येतात. एक म्हणतो, बॅटरी बसली. दुसरा म्हणतो, सेल्फ जळाला. तिसरा काहीच न म्हणता धक्का मारण्यासाठी बाह्या सरसावतो.

तिघांपैकी एखाद्याचे म्हणणे खरे निघेलही. पण ज्या आवाजाने हा सारा प्रसंग उभा राहिला त्याच्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले नसते. वस्तुतः यंत्राने दिलेली साक्ष ती तेवढीच. टिक् एकदाच झाला की लागोपाठ कडकडत राहिला, आवाज दबका होता की ठणठणीत, आणि त्या क्षणी दिवे मंदावले की तसेच तेवत राहिले, एवढ्या तीन गोष्टी ध्यानात घेतल्या तर बिघाडाचा ठावठिकाणा बहुतेक वेळा पाना हाती घेण्यापूर्वीच लागतो. त्या घेतल्या नाहीत तर धडधाकट बॅटरी मोडीत जाते, नवीसाठी काही हजार रुपये मोजले जातात, आणि चार दिवसांनी तोच टिक् पुन्हा कानी पडतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने ज्या शहरात १९२६ साली संगीताचे मॅरिस कॉलेज निघाले, त्या शहरातील माणसांना कान देऊन ऐकण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पण मोटारीच्या बाबतीत ते लखनौकरही विसरतात आणि पुणेकरही.

मोटारीचे इंजिन आपण होऊन सुरू होऊ शकत नाही. इंधन आणि हवा आत ओढून, दाबून, पेटवल्याखेरीज त्यात शक्ती निर्माण होत नाही. आणि हे ओढणे-दाबणे घडावयाचे तर ते आधीच फिरत असावे लागते. म्हणून पहिल्या काही फेऱ्या त्याला दुसऱ्या कोणी तरी द्याव्या लागतात. पूर्वी हे काम माणसाच्या दंडाचे होते. गाडीच्या तोंडाशी लोखंडी हॅंडल घालून ते जोराने फिरवावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने हे काम विजेच्या मोटरीकडे सोपविले, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत ती प्रथम बसविली गेली. भारतात हॅंडलाची सोबत त्यानंतरही पुष्कळ वर्षे सुटली नाही; अँबॅसडरच्या काळातील चालकांना हॅंडल मारण्याची कसरत चांगली ठाऊक होती. आजच्या गाड्यांत ती सोय नाही. सेल्फ चालला नाही की माणूस अडला.

‘सेल्फ’ हा शब्द ‘सेल्फ-स्टार्टर’ यावरून आला. मराठीत सेल्फ ‘मारतात’. लखनौचा मिस्त्री ‘गाडी सेल्फ नहीं ले रही’ म्हणतो. ही मोटर आकाराने लहान, पण भूक मोठी. छोट्या मोटारीतही ती सुरू होताना शंभर-दीडशे अँपिअर वीज ओढते. एवढा प्रवाह किल्लीच्या नाजूक खटक्यातून नेला तर खटका वितळून जाईल. त्यासाठी मध्ये एक हस्तक नेमलेला असतो, त्याचे नाव सोलेनॉईड. ते म्हणजे तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांत सरकणारी लोखंडी कांडी. किल्ली फिरली की थोडीशी वीज वेटोळ्यांत येते, त्यांचा चुंबक बनतो आणि कांडी आत खेचली जाते. या एका खेचण्यात दोन कामे होतात. कांडीला जोडलेला तरफेचा काटा सेल्फवरील लहान दातेरी चक्र पुढे ढकलून इंजिनाच्या मोठ्या चक्राच्या दात्यांत अडकवितो. आणि कांडीचे दुसरे टोक तांब्याची जाड चकती दोन टोकांवर दाबून बॅटरीतून मोटरीकडे जाणारा मोठा मार्ग जोडते. टिक् हा आवाज या कांडीचा आहे. तो ऐकू आला याचाच अर्थ किल्ली, तिच्या तारा आणि सोलेनॉईडचे वेटोळे यांनी आपले काम केले. बिघाड त्यांच्या पुढे, किंवा त्यांना वीज पुरविणाऱ्या मुळाशी.

बऱ्याच गाड्यांत सोलेनॉईडच्याही आधी रिले नावाचा एक छोटा खटका असतो. त्याचा आवाज बारीक असतो आणि तो फ्यूजांच्या पेटीतून येतो. सोलेनॉईडचा आवाज इंजिनाच्या बुडाशी, जाड आणि भरीव. नुसता बारीकच आवाज येत असेल तर वीज सोलेनॉईडपर्यंत पोचलेलीच नाही असे समजावे. आणि मुळीच आवाज नसेल तर तो विषय निराळा : किल्लीचा खटका, क्लचखालचा खटका, गिअर न्यूट्रलमध्ये नसलेली ऑटोमॅटिक गाडी, अशी त्याची कारणे.

आता कडकडाट घेऊ. किल्ली धरून ठेवली असता टिक्-टिक्-टिक्-टिक् असा, वाळूवर पावसाची सर पडावी तसा, भराभर आवाज येत राहतो. येथे बिचारे सोलेनॉईड निर्दोष असते. त्याच्या पोटात वेटोळी दोन असतात. एक कांडी खेचून घेणारे, दुसरे तिला धरून ठेवणारे. कांडी खेचली जाते, मोठा मार्ग जोडला जातो, मोटर आपली प्रचंड भूक पुढे करते, आणि अशक्त बॅटरीचा विद्युतदाब त्याच क्षणी कोसळतो. दाब कोसळला की धरून ठेवणाऱ्या वेटोळ्यातील चुंबकत्व ढिले पडते, स्प्रिंग कांडीला मागे लोटते, मार्ग तुटतो. मार्ग तुटताच मोटरीची भूक संपते, दाब पुन्हा वर येतो, कांडी पुन्हा खेचली जाते. एका सेकंदात हे कितीतरी वेळा घडते. जुन्या विजेच्या घंटेचा टोला याच तत्त्वावर नाचत असे. तेव्हा भराभर टिक्-टिक् म्हणजे वीज आहे, पण ऐन भार पडताच ती टिकत नाही. हा दोष बॅटरीचा असेल किंवा बॅटरीपासून निघणाऱ्या जोडांचा.

याच ठिकाणी ‘दिवे तर लख्ख लागताहेत, मग बॅटरी कशी बसली असेल?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. समोरचे दोन दिवे मिळून साधारण १० अँपिअर वीज घेतात. सेल्फ १५० घेतो. बॅटरीच्या टोकावर गंजाचा थर बसून तेथे ०.०२ ओहम एवढा क्षुल्लक रोध निर्माण झाला आहे असे धरू. दिव्यांसाठी तेथे वाया जाणारा दाब दहा गुणिले ०.०२, म्हणजे ०.२ व्होल्ट; डोळ्यांना पत्ताही लागावयाचा नाही. सेल्फसाठी वाया जाणारा दाब दीडशे गुणिले ०.०२, म्हणजे ३ व्होल्ट. बारांतून तीन गेले की मोटरीच्या वाट्याला नऊ, आणि थंडीच्या सकाळी तेवढ्यावर इंजिन फिरणे कठीण. लोटाभर पाणी देणारी नळी शेताला पुरत नाही, त्यातलाच हा प्रकार. दिवे लागणे ही बॅटरीच्या आरोग्याची खूण नव्हे. ती केवळ जिवंत असल्याची खूण.

म्हणून पहिली तपासणी फुकटची असावी, विकतची नव्हे. बोनेट उघडून बॅटरीची दोन टोके पाहावीत. त्यांवर पांढुरकी किंवा हिरवी-निळी भुकटी जमलेली असेल, किंवा पट्टा हाताने फिरविता येत असेल, तर शोध बहुधा तेथेच संपतो. शिशाचे टोक आणि पट्टा यांच्यामध्ये कागदाच्या जाडीइतका थर असला तरी तो सेल्फची वाट अडवितो. बऱ्याच गाड्यांत दहा नंबरचा पाना पुरतो. गाडी व सारे दिवे बंद करून आधी ऋण टोकाचा, म्हणजे काळ्या तारेचा, पट्टा सोडवावा आणि मग धन टोकाचा. लावताना याच्या उलट, धन आधी व ऋण शेवटी. हा क्रम सोवळ्याओवळ्यासारखा पाळावयाचा नाही, त्याला कारण आहे. गाडीचा सारा लोखंडी सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. ऋण पट्टा जागच्या जागी असताना धन टोकावरचा पाना चुकून सांगाड्याला टेकला, तर बॅटरीची सगळी शक्ती त्या पान्यातून एका क्षणात वाहते. पाना तापून लाल होतो आणि हात भाजतो. पट्टे सुटल्यावर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्याने भुकटी धुवावी (कोठ्यांची झाकणे घट्ट असावीत, सोडा आत जाता कामा नये), पॉलिश पेपरने धातू चकचकीत करावा, पट्टे घट्ट आवळावेत, आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. काळ्या तारेचे दुसरे टोक जेथे सांगाड्याला आणि इंजिनाला जोडलेले असते तोही जोड पाहावा. त्याच्याकडे चांगले कसलेले मिस्त्रीही कित्येकदा ढुंकून बघत नाहीत.

टोके स्वच्छ असूनही टिक्-टिक् चालूच राहिले तर बॅटरीचा दाब मोजावा. मल्टीमीटर हे यंत्र आता काही शे रुपयांत मिळते. रात्रभर स्वस्थ उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते, १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी, आणि १२ च्या खाली उतरली तर जवळपास निथळलेली. सहा कोठ्यांपैकी एक मेली असेल तर आकडा साडेदहाच्या घरात येतो आणि मग कितीही भरली तरी उपयोग नसतो. पण हा आकडा विश्रांतीचा आहे. खरी परीक्षा किल्ली फिरविताना. त्या वेळी दाब साडेनऊच्या खाली जाऊ लागला तर बॅटरीत दम उरलेला नाही असे समजावे. मीटर नसेल तर समोरचे दिवे भिंतीवर पाडून किल्ली फिरवावी. दिवे विझावयास आले, तर बॅटरी किंवा जोड. दिवे जवळजवळ तसेच राहिले आणि एकच ठणठणीत टक् झाला, तर वीज भरपूर आहे पण मोटरीत शिरत नाही.

ही दुसरी अवस्था खऱ्या अर्थाने सेल्फच्या बिघाडाची. कांडी आत गेली, धरूनही राहिली, पण तांब्याची चकती वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी जळून खडबडीत झाल्यामुळे मार्ग जोडला गेला नाही. किंवा मोटरीतील कार्बन घासून इतके आखूड झाले की ते फिरत्या भागाला टेकेनासे झाले. अशा वेळी मिस्त्री सेल्फच्या अंगावर लाकडाने हलकेच चारदोन टोले मारतो आणि गाडी सुरू होते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. त्यात जादू नाही. हादऱ्याने अडकलेला कार्बन क्षणभर जागेवर बसतो. टोला मारताना गिअर न्यूट्रलमध्ये आणि हातब्रेक ओढलेला असावा, आणि गाडीखाली शिरून तर हा प्रयोग कधीच करू नये. गाडी अशी सुरू झाली तरी ती दुरुस्त झालेली नसते. कार्बन आणि चकती बदलून घेतली तर बऱ्याचदा सबंध सेल्फ बदलण्याची पाळी येत नाही, हेही गिऱ्हाइकाला माहीत असलेले बरे.

एकच टक् होऊन दिवे मात्र एकदम मंदावतात, आणि बॅटरी तर चांगली आहे, अशी एक तिसरी स्थिती आहे. मोटर जोर लावते आहे, पण पुढचे चक्र हलत नाही. पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते, आणि अशा पाण्यातून आणलेली गाडी दुसऱ्या दिवशी असा टक् देऊन थांबली तर किल्लीला पुन्हा हात लावू नये. इंजिनाच्या नळकांड्यांत पाणी शिरलेले असू शकते, आणि पाणी हवेसारखे दाबले जात नाही. बळजबरी केली तर आतला दांडा वाकतो, आणि मग खर्चाचा आकडा बॅटरीच्या किमतीच्या कित्येक पटींनी वाढतो. येथे मिस्त्रीला बोलावणे हाच एक इलाज.

हे सारे संकट थंडीतच का ओढवते? लखनौत जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरी सात-आठ अंशांवर येते, कधी त्याहूनही खाली जाते. थंडीत इंजिनातील तेल घट्ट होते, म्हणजे फिरविण्याचे ओझे वाढते. आणि बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, म्हणजे फिरविणाऱ्याची ताकद घटते. पण दोष सगळा थंडीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शोधलेली शिसे-आम्लाची ही बॅटरी खरी खंगते ती उन्हाळ्यात. मे-जून महिन्यांत जेव्हा लखनौचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी लू वाहते, तेव्हा बोनेटखाली त्याहूनही अधिक उष्णता कोंडलेली असते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पाणी उडून जाते, आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात. बॅटरी तेव्हाच अर्धमेली होते, परंतु उन्हाळ्यात इंजिन सहज फिरत असल्याने कोणाला कळत नाही. ती वार्ता जानेवारीची पहिली थंड सकाळ आणून देते. या दृष्टीने पाहिले तर नागपूर किंवा अकोला येथील गाडीवाल्यांची स्थिती लखनौकरांपेक्षा निराळी नाही.

दुसरे कारण गाडीच्या विश्रांतीचे. एकदा सेल्फ मारण्यात बॅटरीचे फार मोठे नुकसान होते ही समजूत चुकीची आहे. दीडशे अँपिअर दोन सेकंद, म्हणजे एका अँपिअर-तासाचा जेमतेम बारावा हिस्सा. चालत्या गाडीचा अल्टरनेटर तो थोड्याच मिनिटांत भरून काढतो. खरी गळती उभ्या गाडीत होते. आजच्या मोटारीत घड्याळ, चोरघंटा आणि छोटे संगणक दिवसरात्र जागे असतात. ते मिळून ४० मिलिअँपिअर खातात असे धरले तर दिवसाला सुमारे एक अँपिअर-तास होतो. लहान मोटारीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची. वीस दिवसांत ती निम्म्याहून रिकामी. त्यातच आतला १० वॅटचा दिवा एका रात्री चुकून जळत राहिला तर आणखी आठ-दहा अँपिअर-तास गेले. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि दारोदारच्या गाड्या आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहीत. त्या उघडीपीनंतर कितीतरी घरांतून हाच टिक्-टिक् ऐकू आला. रिकामी राहिलेली बॅटरी नुसती रिकामी राहत नाही, तिच्या पट्ट्यांवर जमलेले शिशाचे सल्फेट कडक खड्यांसारखे होते आणि पुढे भरताना विरघळत नाही. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. त्यांची मोठी बॅटरी निराळी असली तरी गाडीला जागे करणारी १२ व्होल्टची छोटी बॅटरी त्यांतही असते, आणि ती बसली तर लाखो रुपयांची ती गाडीही खटका वाजवून स्वस्थ राहते.

धुक्यातल्या त्या सकाळी मात्र हा इतिहास उपयोगाचा नसतो. तेथे गाडी काढावयाची असते. शेजाऱ्याच्या गाडीवरून तार लावणे हा राजमार्ग, पण त्यातच सगळ्यांत मोठा धोका आहे. बॅटरी भरली जात असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि एका ठिणगीने तो पेट घेतो. बॅटरी फुटून गंधकाम्ल तोंडावर उडाल्यास दृष्टी जाऊ शकते. अंधारात आगकाडी ओढून बॅटरीचे पाणी पाहण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे, ती यासाठी सोडावयास हवी. तांबडी तार आधी बसलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे शेवटचे टोक बसलेल्या बॅटरीला न लावता त्या गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटच्या जोडाशी ठिणगी उडतेच. ती वायूपासून लांब उडावी एवढाच यातला हेतू. शेजाऱ्याची गाडी पाचसात मिनिटे चालू ठेवावी आणि मग किल्ली फिरवावी. तारा काढताना क्रम बरोबर उलटा.

बाह्या सरसावून उभा असलेला तो तिसरा शेजारी अजून धक्का मारावयास तयार असेलच. हाताने गिअर बदलणाऱ्या गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये धक्क्याने सुरू करता येते, ऑटोमॅटिकला नाही. नव्या गाड्यांत इंधनाचा पंप आणि संगणक चालण्यापुरती वीज तरी बॅटरीत शिल्लक लागते, नाही तर चौघांचा दम उखडतो आणि गाडी तशीच राहते. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड असतात, आणि धुक्यात समोरून येणारा ई-रिक्षावाला ही गाडी पाहीलच असे नाही.

गाडी सुरू झाली की मीटर पुन्हा लावून पाहावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट आले तर अल्टरनेटर बॅटरी भरतो आहे. १२ च्या जवळपास रेंगाळले तर बॅटरी निर्दोष असून उपाशी आहे, आणि नवी घेतली तरी तीही उपाशीच राहील. उसन्या विजेवर सुरू झालेले इंजिन स्टेशनाच्या वाहनतळावर पोचताच बंद करू नये, पुष्पक धुक्यामुळे किती उशिरा येत आहे हे घरूनच पाहून निघावे. आणि एवढे सगळे करूनही टिक् थांबला नाही, तर मुन्शी पुलियाहून निघणारी मेट्रो इंदिरा नगर, भूतनाथ, लेखराज करीत थेट चारबागला जाते. परतताना सामान असेल, त्यासाठी टॅक्सी करावी लागेल. मिस्त्रीला दुपारी बोलावले तरी चालेल, आणि तो आला म्हणजे टिक् एकदा झाला की अनेकदा, हे त्याला आधी सांगावे.